पेडण्याची पोरे फुकट शिकत नाहीत

पदवीचा फायदा ज्याला होतो त्यानेच पदवीचा खर्च उचलावा, हा युक्तिवाद आता इतका रुळला आहे की तो करणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही. चर्चासत्रांत तो ऐकू येतो, अग्रलेखांत वाचायला मिळतो आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले निवृत्त अधिकारीही तो मोठ्या आत्मविश्वासाने मांडतात. सरकारी महाविद्यालयांत मुले जवळजवळ फुकट शिकतात. फुकट मिळते त्याची किंमत राहत नाही. करदात्याने कोणाच्या बी.ए.चे पैसे का भरावेत? शिकायचे असेल त्याने पूर्ण फी भरावी, जवळ नसेल तर कर्ज काढावे, आणि अगदीच गरीब असेल त्याला शिष्यवृत्ती द्यावी. सगळे कसे चोख. मात्र हा हिशेब करताना फीची पावती तेवढी समोर ठेवलेली असते. गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत ज्यांच्या घरी कॉलेजला जाणारे मूल आहे, त्यांना विचारले तर उरलेल्या पावत्याही दिसतील.

हा युक्तिवाद गोव्यात जन्मलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या न्या. पुन्नय्या समितीने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सांगितले की विद्यापीठांनी आपल्या खर्चाचा पंधरा टक्के आणि पुढे पंचवीस टक्के भाग स्वतः उभा करावा. १९९७ साली केंद्रीय अर्थमंत्रालयाच्या सरकारी अनुदानांवरील टिपणाने प्राथमिक शिक्षण अनुदानाला पात्र ठरवले आणि उच्च शिक्षण अपात्रांच्या रांगेत बसवले. एप्रिल २००० मध्ये मुकेश अंबानी आणि कुमारमंगलम बिर्ला यांचा अहवाल आला. सरकारने प्राथमिक शिक्षणाकडे लक्ष द्यावे, उच्च शिक्षणाचा खर्च ते घेणाऱ्याने उचलावा, त्यासाठी कर्जाची सोय असावी, असे त्याचे सार होते. आज गल्लीत बोलले जाते ते त्या अहवालाचेच उष्टे आहे.

त्या अहवालाचे एक लेखक, मुकेश अंबानी, ज्या संस्थेत रसायन अभियांत्रिकी शिकले ती मुंबईतली यूडीसीटी, म्हणजे तेव्हाचा सरकारी पैशावर चालणारा मुंबई विद्यापीठाचा विभाग. त्यांच्याआधी काही वर्षे त्याच विभागातून आणखी एक विद्यार्थी रसायन अभियंता होऊन बाहेर पडला होता. तो जन्मला गोव्यातल्या माशेलमध्ये. वडील लहानपणीच गेले, आई त्याला घेऊन मुंबईत आली आणि मिळेल ते काम करत राहिली. १९६० साली तो मॅट्रिकला गुणवत्ता यादीत अकरावा आला, तरी पुढे शिकायचे की नोकरी धरायची, हा प्रश्न घरात होताच. सर दोराबजी टाटा ट्रस्टची महिना साठ रुपयांची शिष्यवृत्ती सहा वर्षे मिळाली म्हणून डॉ. रघुनाथ माशेलकर शिकू शकले. ही गोष्ट ते स्वतः अनेकदा सांगतात.

पूर्ण खर्च विद्यार्थ्याकडून वसूल करा म्हणणारे इथे लगेच टाळी वाजवतील. बघा, हुशार गरिबाला शिष्यवृत्ती मिळालीच की! मात्र साठ रुपयांत यूडीसीटी चालत नव्हती. प्रयोगशाळा, प्राध्यापक, ग्रंथालय यांचा खर्च समाजाने आधीच उचलला होता, म्हणूनच साठ रुपये पुरले. पूर्ण खर्च वसूल करणाऱ्या संस्थेच्या दारात त्या साठ रुपयांचे काय झाले असते, याचा विचार टाळी वाजवणाऱ्यांनी करावा. आणि ज्याच्या घरी भरपूर होते त्या विद्यार्थ्याला अनुदान कशाला, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर आयकर विभागाकडे आहे. कमावत्या माणसाकडून पैसे घ्यायची ती जागा. अठरा वर्षांच्या मुलाच्या प्रवेश अर्जावर त्याच्या भावी उत्पन्नाचा अंदाज बांधून वसुली करणे हा उलटा धंदा आहे.

आता उरलेल्या पावत्या. पेडण्यात विर्नोडा येथे संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचे शासकीय महाविद्यालय आहे, कला आणि वाणिज्याचे. डिचोली तालुक्यात साखळीला शासकीय महाविद्यालय आहे, डिचोलीत तंत्रनिकेतन आहे. या संस्थांनी दोन तालुक्यांचे चित्र बदलले, यात शंका नाही. सरकारने त्या काढल्या नसत्या तर विर्नोड्यात कोणी नफ्यासाठी बी.ए.चा वर्ग उघडला असता, असे म्हणणाऱ्याने हात वर करावा. पण अभियांत्रिकी शिकायची तर फर्मागुढी आणि वैद्यकीय शिकायचे तर बांबोळी. पदव्युत्तर शिक्षणासाठी ताळगावच्या पठारावरचे गोवा विद्यापीठ. हरमलच्या मुलीला तिथे पोचायचे म्हणजे घरून म्हापसा, म्हापशाहून पणजी, पणजीहून विद्यापीठ. तीन बसगाड्या जायला आणि तीन यायला. एक चुकली की पुढच्या दोन्ही चुकतात. प्रात्यक्षिक लांबले तर परतीची म्हापशाची गाडी मिळते, पण तिथून आतल्या गावांकडे तिन्हीसांजेनंतर बस विरळ होत जाते. मग भाऊ दुचाकी घेऊन म्हापशाला येतो किंवा घरचे सांगतात, खोली बघ.

खोली बघायची म्हणजे पर्यटकांशी स्पर्धा करायची. किनाऱ्यालगत आणि पणजीच्या आसपास खोलीचे भाडे हंगामाला येणारा पाहुणा ठरवतो. त्याच्या खिशाशी विद्यार्थिनीच्या खिशाची तुलनाच होत नाही. त्यावर खानावळ आली, झेरॉक्स आली, इंटरनेट आले. शिवाय एक खर्च कोणत्याच पावतीवर येत नाही: ती घरी असती तर काजूच्या दिवसांत बागेत हात लागला असता, नाहीतर एखाद्या हॉटेलात पगार सुरू झाला असता. ते सोडून ती तीन किंवा पाच वर्षे वर्गात बसते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो हाच. कोंबडी सरकारने दिली म्हणून मसाल्याबद्दल कोणी बोलायचे नाही, असा मात्र दंडक आहे.

गोव्याच्या विद्यार्थ्यांना हे कोणा अर्थतज्ज्ञाने शिकवले नव्हते. १९७८-७९ मध्ये ते रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांची मागणी फीमाफीची नव्हती. बसभाड्यात पन्नास टक्के सवलत हवी, एवढीच होती. त्या वेळी गोव्याची वाहतूक खासगी बसमालकांच्या हातात होती आणि सवलतीला त्यांचा कडाडून विरोध होता. वर्ग बंद पडले, मोर्चे निघाले, लाठ्या चालल्या. तेव्हाच्या मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या सरकारला ते आंदोलन जड गेले. सवलत द्यावी लागली. १९८० मध्ये कदंब वाहतूक महामंडळ स्थापन झाले आणि विद्यार्थ्यांचा पास ही गोव्यात नेहमीची गोष्ट झाली. पेडणे, डिचोली, सत्तरी, काणकोण इथल्या मुलांच्या दृष्टीने त्या पिढीने केलेले हे काम एखाद्या विद्यापीठ कायद्याइतके मोलाचे आहे. शिक्षणाचा खर्च अंतरात असतो हे त्यांनी ओळखले. आजचे फीवाढवादी अजून फीच्या पावतीपुढे गेलेले नाहीत.

यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप येतो. त्याला उडवून लावणे शहाणपणाचे नाही, कारण तो महात्मा फुल्यांचा आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी सरकारला सुनावले होते, की महसूल घाम गाळणाऱ्या रयतेकडून गोळा होतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. रयतेच्या पोरांना प्राथमिक शाळाही धड नाही. उच्च शिक्षणाचे अनुदान सुखवस्तूंच्या घरी जाते, असे म्हणणारे आज नकळत फुल्यांचीच री ओढतात. आणि त्यात तथ्य आहे. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात सरकारी फीवर जागा मिळते, पण ती मिळवायची प्रवेश परीक्षा पार करायला अनेक घरे दोन-दोन वर्षे खासगी शिकवणीला मोठ्या रकमा मोजतात. ज्याला शिकवणी परवडली त्याच्या पदरात स्वस्त जागा पडते. जिथे अनुदान सर्वांत जास्त, तिथे पोचायला पैसे लागतात.

मग यातून निष्कर्ष काय काढायचा? अनुदानच बंद करा, असा निष्कर्ष फुल्यांच्या तोंडी घालणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. रयतेचा पैसा रयतेच्या मुलांपर्यंत पोचवा, अशी त्यांची मागणी होती. त्यांची कसोटी आज गोव्याला लावली तर बांबोळीचे अनुदान तोडावे असे निघत नाही. विर्नोडा आणि साखळीचे वाढवावे, असे निघते. तासिका तत्त्वावरचे शिक्षक दरवर्षी बदलत राहिले, ग्रंथालय संध्याकाळी लवकर बंद झाले आणि शेवटची बस सुटते म्हणून मुलांनी तास अर्धा सोडला, तर स्वस्त फीचा उपयोग काय? करदात्याचा पैसा वाया जातो म्हणणाऱ्यांनी या ठिकाणी जरूर ओरडावे. इथे त्यांची साथ हवीच आहे.

हीच गोष्ट राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात कृतीने मांडली. फी हा शिक्षणाचा एक तुकडा आहे, राहणे आणि जेवणे हा मोठा तुकडा आहे, हे ओळखूनच शाहूंनी १९०१ पासून वसतिगृहे उभारायला मदत केली. भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेची कमवा आणि शिका योजना आली, तिलाही हाच आधार होता. गोव्यात त्या काळी तर कलाशाखेचे महाविद्यालयच नव्हते. १८४२ पासूनचे वैद्यकीय विद्यालय आणि पणजीचे लिसेव सोडले तर पुढे शिकायला मुंबई, पुणे, बेळगाव, धारवाड गाठावे लागे. पोर्तुगिजांनी उशिरा घेतलेल्या नव्या काबिजादीतल्या पेडणे-डिचोलीत मराठी शाळा चालवायच्या त्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून, देवळाच्या आधाराने. या स्वावलंबनाचे आज कौतुक होते आणि ते व्हायलाही हवे. पण ती पाळी त्यांच्यावर आली कारण सरकार परके होते. पेडण्यातच जन्मलेले दयानंद बांदोडकर १९६३ च्या डिसेंबरात मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव सरकारी मराठी शाळा उघडू लागले, तेव्हा लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचे हे कामच आहे, असे मानून त्या उघडल्या गेल्या. स्वतः खाणमालक असलेल्या माणसाला ते कळले होते.

आता कर्जाकडे. कर्जाचा सल्ला देणाऱ्यांनी मये गावात एक चक्कर मारावी. डिचोली तालुक्यातल्या या गावाची बहुतेक जमीन पोर्तुगीज काळात बहाल केलेल्या जहागिरीत होती. गोवा मुक्तीनंतर मालक गेला आणि जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून कस्टोडियनच्या ताब्यात आली. पिढ्यानपिढ्या राहणारी कुटुंबे आपल्याच घरात मालक नव्हती. लोकांनी वर्षानुवर्षे लढा दिला, २०१४ साली विधानसभेने कायदा केला आणि त्यानंतर सनदा देण्याचे काम सुरू झाले. बँक साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण मागते. मयेच्या बापाने इतकी वर्षे काय तारण ठेवायचे होते? पेडण्यात तरी वेगळे काय? तिथे भाटकार आणि मुंडकार, कूळ आणि मालक यांचे खटले मामलेदाराकडे पडून आहेत. अंगणात उभे राहून हे आमचे म्हणता येते, बँकेत कागद दाखवता येत नाही.

गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जाची योजना आहे आणि ती चांगली आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, परदेशी पदव्युत्तर शिक्षण यांना तिने मोठा हात दिला. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारणाची आणि जामीनदाराची अट नाही, पण तिची सुरुवात देशातल्या निवडक ८६० संस्थांपासून झाली. ज्याला चांगल्या संस्थेत प्रवेश मिळाला आणि ज्याला पगाराची खात्री आहे, त्याच्यासाठी कर्ज हे साधन आहे. मराठी विषय घेऊन बी.ए. करणाऱ्या, पुढे बी.एड. करून कोरगावच्या शाळेत शिकवू पाहणाऱ्या मुलीसाठी ते साधन होत नाही. घरात मुलगा आणि मुलगी दोघे असतील आणि कर्ज एकाच्याच नावावर काढता येण्यासारखे असेल, तर ते कोणाच्या नावावर निघेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आणि हप्ता म्हणजे काय, हे डिचोलीला कोणी शिकवू नये. खाणीवर चालवायला इथल्या घराघरांनी बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतले. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या, तर सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्च २०१८ पासून काम परत थांबले. उत्पन्न एका आदेशाने थांबले, हप्ता थांबला नाही. दारात उभा ट्रक गंजताना ज्याने पाहिला, त्या बापाला मुलाच्या शिक्षणासाठी आणखी एक कर्ज काढा असे सांगायला फार कोडगेपणा लागतो.

अगदी गरिबाला शिष्यवृत्ती देऊ, ही शेवटची पळवाट. गरीब कोण, हे दाखल्याने ठरते. तलाठी, मामलेदार कचेरी, प्रतिज्ञापत्र, आधारशी जोडलेले खाते. हंगामी टॅक्सी चालवणाऱ्याचे किंवा काजूची बाग पावणीवर, म्हणजे लिलावाने, घेणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न नेमके किती, हे त्यालाही सांगता येत नाही. मर्यादेच्या हजार रुपये वर गेला की तो कागदावर श्रीमंत. फी जूनमध्ये भरायची असते, शिष्यवृत्ती मात्र बऱ्याचदा वर्ष संपत आले की खात्यात येते. ज्यांना खरेच गरज आहे ते या मधल्या महिन्यांत गळतात. सधन घरच्या मुलाकडून जास्त घ्यायला कोणाची हरकत नाही. आयआयटीने २०१६ मध्ये फी नव्वद हजारांवरून दोन लाख केली, तेव्हा एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाला पूर्ण माफी आणि पाच लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफी ठेवली. मोठ्या पगाराच्या अभ्यासक्रमांना तसे चालेल. साध्या पदवीला ती गाळणी लावली तर दाखल्यांची रांग तेवढी लांबेल.

परदेशाचे दाखले नेहमी सोयीने दिले जातात, तेव्हा दोन गैरसोयीचेही द्यायला हरकत नाही. इंग्लंडने १९९८ साली वर्षाला एक हजार पौंड फी लावली. २०१२ पर्यंत ती नऊ हजारांवर गेली. कमाल मर्यादा म्हणून ठेवलेला तो आकडा बहुतेक विद्यापीठांनी सरसकट लावला. जर्मनीत काही राज्यांनी २००६ नंतर सत्राला पाचशे युरोंपर्यंत फी लावून पाहिली आणि २०१४ पर्यंत सगळ्यांनी ती मागे घेतली. पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेलेल्या गोवेकरांच्या पुढच्या पिढीला यातले पहिले उदाहरण चांगले ठाऊक असेल.

आता पैसा कुठून, हा खरा प्रश्न. दरडोई उत्पन्नात देशात वरच्या क्रमांकावर असलेल्या राज्याने तो विचारावा याचेच नवल. घरच्या बाईला गृह आधारमधून दरमहा मदत मिळते, लाडली लक्ष्मीतून मुलीला एक लाख रुपये मिळतात, आणि त्याबद्दल तक्रार नाही. लग्नाच्या वयाच्या मुलीला लाख द्यायला जे सरकार मागेपुढे पाहत नाही, त्याने तिच्या पदवीच्या वेळी करदात्याची आठवण काढावी, ही गंमत आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे या दोन तालुक्यांनी आपला वाटा आधीच भरला आहे. मोपा विमानतळासाठी पेडण्याची दोन हजार एकरांहून अधिक जमीन गेली. ५ जानेवारी २०२३ पासून तिथे विमाने उतरतात. त्याचा फायदा अख्ख्या गोव्याच्या पर्यटनाला होतो, नोकऱ्यांत पेडणेकरांना प्राधान्य द्या ही ओरड मात्र थांबत नाही, आणि चांगल्या पदांसाठी पदवी, पदविका, प्रशिक्षण लागते. प्रशिक्षित मनुष्यबळाचा लाभ कंपनीलाही होतो. मग लाभार्थी एकटा विद्यार्थीच कसा? डिचोलीने दिली ती तर जमीनही नव्हे, जमिनीखालचे धन, जे परत उगवत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने खाण कायद्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. जुन्या लीजांना रॉयल्टीच्या तीस टक्के, लिलावातल्या लीजांना दहा टक्के रक्कम त्यात भरावी लागते, आणि खाणबाधित भागातले शिक्षण हा त्यातला अग्रक्रमाचा विषय आहे. डिसेंबर २०२२ च्या लिलावात डिचोलीचा खनिज ब्लॉक वेदांताला गेला आहे. म्हणजे या प्रतिष्ठानाची आवक पुढेही राहणार. साखळी आणि डिचोलीच्या मुलींसाठी पणजी आणि फर्मागुढीला वसतिगृह, पेडण्याच्या आतल्या गावांसाठी रात्री साडेआठची कदंब, विर्नोड्यात कायम नेमलेले शिक्षक: या मागण्या कोणत्याही अर्थशास्त्राला जड नाहीत. खनिजाचा पैसा डिचोलीला लागू आहे, पेडण्याला नाही, हे खरे; तिथे राज्याच्या अर्थसंकल्पानेच भार घ्यायला हवा.

राहता राहिला कायमस्वरूपी निधी. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी गोवा फाउंडेशनच्या खटल्यात आदेश दिला की खनिज विक्रीच्या दहा टक्के रक्कम एका कायम निधीत जावी आणि ती शाश्वत विकासासाठी व पिढ्यांमधल्या न्यायासाठी असावी. मुद्दल राखून त्याच्या उत्पन्नातला भाग खाणपट्ट्यातल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी मागावा, न्यायालयाची परवानगी लागणार असेल तर राज्य सरकारने तीही मागावी, आणि या भागातल्या आमदारांनी हा ठराव विधानसभेत आणावा. तो आदेश आला त्या वर्षीच्या जूनमध्ये डिचोलीच्या सरकारी शाळेत पहिलीत बसलेले मूल २०२६ साली बारावी पास होते.